पहिली एअर रायफल घ्यायला दुकानात आणि मोकळ्या रेंजवर जाताय? सातारा-सांगलीवाल्यांनो, हे वाचून जा

स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ आणलं आणि तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांत "पप्पा मला रायफल घ्या" सुरू झालंय. साहजिकच आहे, पोरगा राधानगरीच्या कांबळवाडीचा, त्याच्या आधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाल्या, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्सला गोल्ड मारलं, म्हणजे हा खेळ काय आता लांबचा राहिला नाही. पण साताऱ्यात नायतर सांगलीत बसून पहिली रायफल घ्यायची म्हणलं की भले भले गोंधळतात. लायसन लागतं का, दुकानात गेलो तर पोलिसात नाव जातं का, रेंजवर बायकापोरांना नेलं तर चालतं का, हेच प्रश्न फिरून फिरून येतात. माझी मुलगी शूटिंग करते, तिच्यामागं फिरता फिरता मीपण नेम धरायला लागलो, साताऱ्यापासून पुण्यापर्यंत दुकानं पालथी घातली, म्हणून लोक मला फोन करतात. रोज तेच सांगून घसा बसला, आता एकदाच लिहून टाकतो.

घाईत असाल तर एवढंच लक्षात ठेवा, जे दुकान तुम्हाला पैसे द्यायच्या आधी रेंजवर मारून बघू देतं तिथंच खरेदी करा. बाकी सगळं खाली आहे.

१. आधी घरी बसून ठरवा, नक्की पाहिजे काय

दुकानात जाऊन "बंदूक दाखवा" म्हणलात तर दुकानदार त्याला जी खपवायची ती दाखवणार. आपल्याकडं गिऱ्हाईक साधारण चार प्रकारचं येतं. पोराला खेळात घालायचंय, स्वतःला रविवारचा छंद पाहिजे, शेतात रानडुकरं-गवे येतात म्हणून बारा बोअर (काडतुसाची मोठी बंदूक) पाहिजे, आणि चौथे आपले रिटायर फौजी, ज्यांना बँकेत गार्डची नोकरी लागते आणि तिथं स्वतःच्या लायसनची बंदूक मागतात. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं असलेला जिल्हा आपला, त्यामुळं हे चौथं गिऱ्हाईक काउंटरवर कायम दिसतं.

पहिल्या दोघांना बहुतेक वेळा लायसन लागत नाही. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणं ज्या एअर गनच्या नळीचं आतलं भोक ४.५ मिलिमीटरचं आहे, म्हणजे .१७७ इंच, आणि जिची ताकद २० ज्यूलच्या वर जात नाही, ती विनालायसन घेता येते. दोन्ही अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. नळी त्याच्यापेक्षा मोठी असेल, म्हणजे .२२ ची एअर गन असेल, तर लायसन लागतं, मग ती कितीही साधी दिसूदे.

इथंच पहिला सापळा आहे. "साहेब .२२ घ्या, पॉवर लय आहे, लायसन कोण विचारतंय" असं म्हणणारा भेटतोच. विचारणारा एक दिवस भेटतो आणि तेव्हा दुकानदार फोन उचलत नाही. गावाकडं आजोबांच्या काळातली जुनी एअर गन माळ्यावर पडलेली असते, तीपण एकदा नळी मोजून घ्या, बऱ्याच जणांना आपल्याकडं कोणत्या नंबरची आहे हेच माहीत नसतं.

पोरासाठी घेणार असाल तर अजून एक गोष्ट शाळेत विचारून या. शालेय स्पर्धेत ओपन साईट रायफल (खाचेतनं नेम धरायची), पीप साईट रायफल (बारीक भोकातनं नेम धरायची) आणि पिस्तूल असे वेगवेगळे गट असतात. ज्या गटात खेळायचं त्याच प्रकारची रायफल लागते. क्रीडाशिक्षकांना माहीत नसेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा, तिथं सांगतात.

२. सोबत काय न्यायचं

विनालायसनची असली तरी ओळखपत्राशिवाय चांगलं दुकान एअर गन विकत नाही, रजिस्टरला नोंद करतात. त्याला घाबरू नका, ती नोंद तुमच्याच फायद्याची आहे. पिशवीत हे टाका:

- आधार कार्ड, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही
- पॅन कार्ड
- आधारवरचा पत्ता जुना असेल तर लाईट बिल किंवा भाडेकरार
- पासपोर्ट साईज दोन फोटो, सगळे मागत नाहीत पण असूदेत
- ज्याच्यासाठी घेताय तो माणूस, हे सगळ्यात महत्त्वाचं

शेवटचं चेष्टेत घेऊ नका. वडील एकटेच जाऊन सरप्राईज म्हणून रायफल आणतात आणि मग बारा वर्षांच्या पोरीला तिचा दस्ता खांद्याला पुरत नाही, नायतर नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, लोड करायला ताकद पुरत नाही. पोरं लहान असतील तर बिल आई-वडिलांच्या नावावर करा.

रेंजवर जाणार म्हणून वेगळं: टोपी, पुढून बंद असलेले बूट, पाणी, साधा प्लेन चष्मा तरी. चप्पल घालून आलेल्यांना मी फायरिंग लाईनवरनं परत पाठवलेलं पाहिलंय. मोकळी रेंज म्हणजे शेताचा बांध, काटे, गवत, उन्हाळ्यात तापलेली माती. बायकांनी ओढणी-पदर नीट खोचून घ्यावा, लोड करताना लिव्हरमध्ये अडकतो.

३. दुकान पारखायचं कसं

ह्या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळा खेळ इथंच आहे.

आत शिरल्यावर पहिलं भिंतीकडं बघा. डीलरचं लायसन फ्रेम करून लावलेलं असतं. नसेल तर "लायसन बघायला मिळेल का" असं सरळ विचारा, चांगला दुकानदार रागवत नाही.

दुसरं, तो तुम्हाला काय विचारतो ते ऐका. मी ज्या दुकानात नेहमी जातो तिथले काका आधी दोनच प्रश्न विचारतात, "कुणासाठी?" आणि "मारणार कुठं?" गच्चीवर मारणार म्हणलं की ते गच्चीची उंची, पुढं कुणाचं घर, भिंत कसली, सगळं विचारून घेतात आणि नाही पटलं तर विकत नाहीत. डोळ्यादेखत त्यांनी एका कॉलेजच्या पोराला परत पाठवलेलं आहे, तो म्हणाला पारव्यांसाठी पाहिजे, काका म्हणाले "मग जाळी मार खिडकीला, दोनशे रुपयात काम हुतंय."

ह्याच्या उलट एका शहरातलं दुकान, नाव घेत नाही. आत गेल्या गेल्या मोबाईलवर व्हिडिओ दाखवायला सुरुवात, बाटली फुटतीय, नारळ फुटतोय, पॉवर बघा साहेब पॉवर. हातात द्यायला तयार नाही, काचेच्या आतनंच दाखवणार, आणि माझी मुलगी शेजारी उभी, रायफल तिला घ्यायची, तरी तिच्याकडं बघायला तयार नाही, सगळं माझ्याशीच. शेवटी म्हणतो बिल पाहिजे असेल तर जीएसटी वेगळा पडेल. आम्ही नमस्कार केला आणि बाहेर. वाटेत ती म्हणाली, "त्याला विचारायचं होतं ना पप्पा, ऑलिंपिकला नारळ असतो का." तिचं बरोबर होतं, १० मीटरची मॅच रायफल साधारण साडेसात ज्यूलची असते, कायद्यानं विनालायसन चालते त्याच्या निम्मीपण नाही. कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही.

तिसरी परीक्षा बंदूक हातात देतानाची. माहितगार माणूस कपाटातनं काढली की आधी नळी मोडून किंवा बोल्ट उघडून आत बघणार, तुम्हाला दाखवणार की रिकामी आहे, मग नळी वर करून दस्त्याकडनं तुमच्या हातात देणार. आणि दिल्यावर तुमचं बोट बघणार. माझ्या मेव्हण्यानं हातात घेतल्या घेतल्या बोट ट्रिगरवर ठेवून नळी सरळ कॅश काउंटरकडं फिरवली होती, काकांनी तोंडातनं एक शब्द न काढता दोन बोटांनी नळी धरून छताकडं केली आणि त्याचं बोट उचलून ट्रिगर गार्डच्या बाहेर लाकडावर ठेवलं. पुढचा अर्धा तास मेव्हणा शाळेतल्या पोरासारखा उभा. पण शिकला.

काउंटरवर फौजी मंडळी बसलेली असतील तर थोडा वेळ ऐकत बसा, फुकटचं ज्ञान मिळतं. खडकीच्या फॅक्टरीतली काडतुसं, कुणाच्या बारा बोअरचा एजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर फेकणारा भाग) अडकतोय, कुणाचं रिन्यूअल कुठं अडकलंय. मात्र इलेक्शनच्या तोंडावर दुकानात नवीन खरेदीला जाऊ नका. त्या दिवसांत लायसनवाल्यांना हत्यारं जमा करायचे आदेश येतात, दुकानात सेफ कस्टडीला ठेवणाऱ्यांची रांग असते आणि तुमच्याशी बोलायला कुणाला सवड नसते.

४. मोकळ्या रेंजवर गेल्यावर

इनडोअर १० मीटरची रेंज वेगळी, एसी, लाईट, इलेक्ट्रॉनिक टारगेट. दुकानाची मोकळी रेंज म्हणजे बहुतेक पत्र्याचं शेड, चार-पाच टेबलं, आणि समोर मातीचा उंच बांध. त्या बांधाकडं नीट बघा. मऊ मातीचा आणि माणसापेक्षा चांगला उंच पाहिजे, दगड वर आलेले नकोत. आपल्याकडचा काळा दगड लई कडक, छर्रा त्याच्यावर आपटला की परत येतो. बांधाच्या मागं रस्ता, पाणंद, वस्ती असेल तर तिथं मारूच नका. एअर गनचा छर्रा काहीशे मीटर जाऊ शकतो, १० मीटरवर कागद लावला म्हणून तो तिथंच थांबत नसतो.

आत गेल्यावर रेंज ऑफिसरचा शब्द शेवटचा. आमच्याकडं रिटायर सुभेदार आहेत, आवाज अजून परेड ग्राउंडचा. "लोड" म्हणल्याशिवाय छर्रा भरायचा नाही, "स्टार्ट" म्हणल्याशिवाय मारायचं नाही, आणि "स्टॉप" म्हणलं की बोट बाहेर, नळी उघडी, बंदूक टेबलावर, आणि आपण दोन पावलं मागं. नळीत केशरी दोरी घालून ठेवतात, तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात, ती दिसली की लांबनंच कळतं रिकामी आहे. एकदा मस्त रंगात आलो होतो सगळे आणि डाव्या बाजूनं मेंढरांचा कळप बांधावर चढायला लागला. सुभेदार साहेब ओरडले, सगळ्यांनी बंदुका ठेवल्या, मेंढपाळ निवांत तंबाखू मळत निघाला, वीस मिनिटं गेली, कुणी चकार शब्द काढला नाही. कागद बदलायला माणूस पुढं गेलेला असताना टेबलावरच्या बंदुकीला हात लावायचा नाही, साईट नुसती पुसायचीपण नाही. हा नियम मोडणाऱ्याला तिथनं घालवून देतात आणि ते बरोबरच आहे.

रील काढणाऱ्यांसाठी: शूटरच्या मागं उभं राहून काढा, रेंज ऑफिसरला विचारून. मित्राच्या छातीवर नळी रोखून पोज दिलेली एक क्लिप पुरते, पोलीस असले व्हिडिओ बघून गुन्हे दाखल करतात आणि लायसन असलेल्याचं लायसनपण जाऊ शकतं.

वारा. साताऱ्याच्या बाजूला ह्याचा विचार करावाच लागतो, चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या काय उगाच उभ्या नाहीत. १० मीटरवर फारसा फरक पडत नाही पण २५ मीटरच्या पुढं अर्ध्या ग्रॅमचा छर्रा चांगलाच सरकतो. आमच्या रेंजवर बांबूला जुन्या साडीच्या काठाची चिंधी बांधलीय, ती हलायची थांबली की मारायचं. नवीन माणसानं सकाळी लवकर जावं, वारा पडलेला असतो आणि ऊनपण सुसह्य. सांगली-मिरजेकडं एप्रिल-मे मध्ये अकरानंतर तर जाऊच नका, घामानं गाल दस्त्यावरनं घसरतो, साईटवर ऊन चमकतं आणि माणूस म्हणतो बंदूकच वाकडी आहे.

आणि हात धुवा. छर्रे शिशाचे असतात. ते तोंडात धरायची काही जणांना सवय असते, घाणेरडी आणि घातक सवय आहे ती, पोरांना तर बघून बघून लागते. रेंजवरनं उतरलं की साबणानं हात, मगच वडापाव.

५. विकत घ्यायच्या आधी मारून बघा, असं

आधी स्वतःचा डोळा ओळखा. दोन्ही हात पुढं करून अंगठ्यांमध्ये छोटा त्रिकोण करा, त्याच्यातनं लांबचा विजेचा खांब बघा, मग एक एक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं खांब त्रिकोणातच राहतो तो तुमचा मुख्य डोळा. उजवा हात आणि डावा डोळा असलेली पोरं बरीच असतात, त्यांच्यासाठी रायफल घ्यायच्या आधी कोचशी बोला.

मग दुकानदाराला म्हणा, दोन-तीन मॉडेल काढा. टेबलावर सँडबॅग टेकवून, १० मीटरवर, चपट्या डोक्याचे छर्रे घेऊन, एकाच ठिकाणी नेम धरून पाच मारा. मधला काळा गोळा चुकला तरी चालेल, सगळे पाच एकमेकांच्या किती जवळ पडले ते बघायचं. नेम हलवायला साईटचा स्क्रू आहेच, मागची साईट ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला छर्रा जातो. पण पाच छर्रे कागदभर विखुरले तर स्क्रूनं काही होत नाही. माझं साधं माप, पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली तर बंदूक घ्यायला हरकत नाही. नाही झाकली तर एकदा दुसऱ्या कंपनीचे छर्रे मागून बघा, प्रत्येक नळीला वेगळा छर्रा मानवतो, हे दुकानदारानं स्वतःहून सांगितलं तर समजा दुकान बरोबर आहे.

स्प्रिंगवाल्या रायफलला एक खास काळजी. नळी मोडून खाली ओढली की छर्रा बसवेपर्यंत दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरून ठेवायची. सुटली तर नळी चाबकासारखी वर येते आणि बोट मध्ये असेल तर संपलं. पोरांना पहिल्या दिवशी हे शिकवा, नेम नंतर. छर्रा न भरता नुसतं "टक टक" मारून बघू नका, स्प्रिंग आणि सील खराब होतं. आणि स्प्रिंगवाली घट्ट आवळून धरायची नसते, सैल हातावर ठेवायची, तिला तिचा झटका खाऊ द्यायचा. घट्ट धरणाऱ्यांचेच छर्रे विखुरतात.

६. कोणती घ्यायची

इथं लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि माझ्या मते सगळ्यात कमी घालवावा. छंद आणि सुरुवातीसाठी भारतीय बनावटीची स्प्रिंग रायफल बास, काही हजारांत येते, स्पेअर मिळतात. पीसीपी म्हणजे आधीच हवा भरून ठेवायची, झटका नाही, पोरांना सोपी, पण हवा भरायला पंप किंवा सिलेंडर लागतो, तो खर्च दुकानदार शेवटी सांगतो म्हणून आधीच विचारा. जर्मन मॅच रायफल लाखांत जाते, ती कोचनं "आता घ्या" म्हणल्यावरच. बरीच क्लबं सुरुवातीला स्वतःची रायफल वापरायला देतात, वर्षभर त्याच्यावर काढलं तरी काही बिघडत नाही. स्पर्धेत १० मीटर रायफलचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, तो दिसायला लागेपर्यंत महागड्या रायफलचा उपयोग शून्य.

स्कोप लावून देतो म्हणला तर छंदाला ठीक. शालेय किंवा नेहमीच्या १० मीटर रायफल-पिस्तूल स्पर्धेत दुर्बीण चालत नाही.

७. बिल आणि घरी नेताना

पक्कं जीएसटी बिल, त्याच्यावर मॉडेल, सिरीयल नंबर आणि कॅलिबर लिहिलेलं. निघायच्या आधी बिलावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर ताडून बघा. सोबत कंपनीचं २० ज्यूलच्या आतली असल्याचं पत्रक मिळतं का विचारा. ह्या कागदांचा फोटो मोबाईलमध्ये, झेरॉक्स बंदुकीच्या केसमध्ये.

नेताना केसमध्ये, रिकामी, छर्रे वेगळे. टू-व्हीलरवर खांद्याला उघडी अडकवून पोवई नाक्यावरनं जाणारे महाभाग असतात, त्यांना पोलिसांनी थांबवलं तर चूक कुणाची. केस नसेल तर दुकानदाराकडनं पुठ्ठ्याचा बॉक्स तरी मागून घ्या. घरी कपाटाला कुलूप, आणि किल्ली पोरांच्या हाती लागणार नाही अशी.

८. लायसनची बंदूक पाहिजे असेल तर

थोडक्यात सांगतो, कारण ह्यात दुकानाचा नंबर सगळ्यात शेवटी येतो. लायसन हातात आल्याशिवाय दुकानात जाऊन बंदूक "बुक" करणं, ॲडव्हान्स देणं, असलं काही करू नका.

वय २१ पूर्ण पाहिजे. अर्ज गृह मंत्रालयाच्या एनडीएएल-एएलआयएस ह्या हत्यार लायसनच्या पोर्टलवर फॉर्म ए-१ भरून करायचा, मग प्रिंट आणि कागदपत्रं घेऊन जिल्हाधिकारी कार्यालय. सातारा आणि सांगली दोन्हीकडं पोलीस आयुक्तालय नाही म्हणून लायसन देणारे जिल्हाधिकारीच. आधार, पॅन, फोटो, पत्त्याचा पुरावा, मेडिकल सर्टिफिकेट, हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचा दाखला, आणि बंदूक कशासाठी पाहिजे त्याचं कारण दाखवणारे कागद. शेतीसाठी मागत असाल तर सातबारा, फौजी असाल तर डिस्चार्ज बुक. मग तुमच्या पोलीस स्टेशनकडनं चौकशी. इथं वेळ जातो, फाईल कुठं आहे ते स्वतः जाऊन विचारत राहायचं. "मी करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका, सही जिल्हाधिकाऱ्यांचीच लागते आणि चौकशी तुमच्याच दारात येते.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं आणि लायसन पाच वर्षांसाठी. किती काडतुसं घेता येतील आणि ते लायसन कुठल्या भागात चालतं, हे त्याच्यावरच लिहिलेलं असतं. जिल्ह्यापुरतं असेल तर साताऱ्याहून खंडाळा ओलांडून पुण्याला नेता येत नाही, हे माहीत नसलेले लोक असतात. लग्नात-वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हेसुद्धा त्याच दुरुस्तीत आलं.

पाटण-जावळीकडच्या शेतकऱ्यांसाठी: पीक संरक्षणाचं लायसन मिळालं म्हणजे डुक्कर मारायची परवानगी मिळाली असं होत नाही. ती वनखात्याकडनं वेगळी घ्यावी लागते. गव्याला तर हात लावायचाच नाही. नुकसान झालं तर वनखात्याकडं भरपाईचा अर्ज करा, आधी फोटो आणि पंचनामा.

९. एअर गन घेतल्यावर करू नये अशा गोष्टी

पाखरं, माकडं, भटकी कुत्री, कशावरच मारायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात एअर गननं मारलं म्हणून सूट नाही आणि मोर मारला तर जामीन मिळायचीपण मारामार. सागरेश्वर, कोयना, चांदोली, ह्या अभयारण्यांत-राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणं हाच गुन्हा आहे आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत प्राण्याला इजा करू शकणारी कुठलीही वस्तू येते. तेव्हा पिकनिकला जाताना गाडीच्या डिकीत "असूदे" म्हणून टाकू नका, कासलापण नको.

काचेच्या बाटल्या, दगड, पाण्याची टाकी, विजेच्या खांबावरच्या चिमण्या, हे सगळं बाद. कागद, नायतर मागं मातीचं पोतं ठेवून पत्र्याचा डबा.

१०. पोरांचा पुढचा रस्ता आणि पावसाळा

पोरगं दोन-तीन महिने सलग रेंजवर कंटाळा न करता येत असेल तर क्लबला नाव घाला. १० मीटर एअर रायफल-पिस्तूलला लायसनचा प्रश्न नाही, आणि पुढं काडतुसाच्या .२२ रायफलकडं जायचं झालं तर बारा वर्षांच्या वरच्या मुलांना देखरेखीखाली सराव करायची सोय कायद्यात आहे. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा कार्यालयाकडनं, खुल्या स्पर्धा महाराष्ट्र रायफल असोसिएशनकडनं, आणि मोठी रेंज बघायची असेल तर पुण्याला बालेवाडी. एकदा तिथं नुसतं मागं बसून बघायला न्या, शेजारी शेजारी सगळे उभे आणि तासभर कुणी हूं का चूं करत नाही. ज्या पोराला ते बघायला आवडतं त्याला हा खेळ आवडतो, ज्याला दहा मिनिटांत मोबाईल लागतो त्याला रायफल घेऊ नका, क्रिकेटची बॅट घ्या, स्वस्तात पडेल.

जून ते सप्टेंबर मोकळ्या रेंजा बऱ्याच वेळा बंद असतात, बांध भिजून खचतो आणि शेडमध्ये पाणी येतं, त्यामुळं फोन करूनच निघा. फोनवर हे विचारून घ्या: आज रेंज चालू आहे का, खरेदीच्या आधी ट्राय करायला देता का आणि त्याचे छर्ऱ्यांचे पैसे वेगळे का, आणि ज्या मॉडेलसाठी येतोय ते दुकानात आहे का. "या तुम्ही, बघू" एवढंच उत्तर आलं तर ती चक्कर वाया जाते असा माझा अनुभव आहे. रायफल घरी पडून असेल तर पावसाळ्यात नळीला आतनं हलकं तेलाचं फडकं फिरवा, पण स्प्रिंगच्या बाजूला तेल ओतू नका, पहिल्याच बाराला धूर निघतो आणि सील जळतं. ऑक्टोबरला परत सुरू करताना पहिले दहा-पंधरा छर्रे नळी साफ करण्यातच जातात, ते कागदावर कुठं पडले ते बघून साईट हलवू नका.